हवा बघितली

१६०

प्लग पांढराफटक.

तिने तो चिमट्यात धरून उजेडात फिरवला. पेट्रोल कमी पडलं की प्लग असा राखेसारखा होतो. त्यात हे टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलमधूनच जाणार. पेट्रोल आटलं की ऑइलही आटलं. मग पिस्टन सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक जागच्या जागी जाम होतं आणि वर बसलेला माणूस पुढे जातो. एकटाच.

वर बसणारा तिचा धाकटा दीर. रविवारी त्याची घाटातली शर्यत. कार्बोरेटर तिच्याकडे, बाकीची गाडी नवऱ्याकडे. गॅरेजातली ही वाटणी लग्नापासूनची.

हवा बघितली का, तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बघितली की, सकाळीच.

झालं तर. म्हणजे कुठून जास्तीची हवा शिरत नाही, पेट्रोलच कमी. तिने कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा १६०चा जेट काढून मोठ्या भोकाचा, १६५चा बसवला.

१६५

अजून फिकट. तिने आणखी मोठा जेट काढला.

"वहिनी, एवढ्या आग्रहाने दादाला कधी वाढलं नाहीत," दीर म्हणाला.

"तुमचे दादा मागत नाहीत, भावजी. ही मागतेय."

एक खटकत होतं. ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं. वरच रेंगाळायचं, मग नाइलाज झाल्यासारखं उतरायचं. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी गळ्याला चीर असली, की इंजिन तिथून चोरून हवा ओढतं आणि असंच रेंगाळतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे सांगितलं असतं.

पण हवा बघितली होती.

१७२

बदामी! जसा हवा तसा. तिने प्लग नवऱ्याच्या नाकासमोर धरला, तो म्हणाला, फ्रेम करून लाव. दिराने हेल्मेट चढवलं, घाट चढून परत येतो म्हणाला आणि गेला.

हवा

नवरा हात धूत होता. मागच्या चाकात सकाळी हवा कमीच निघाली, तो म्हणाला, तीस केली.

"चाकात?"

"मग कशात?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. गळ्यावर स्प्रे मारून चीर बघितली नाहीस का, असं तिने अगदी हळू विचारलं. तो म्हणाला, तू नुसतं हवा म्हणालीस. खरंच होतं ते. ती तेवढंच म्हणाली होती.

दिराचा फोन बाकावर चार्जिंगला लावलेला होता.

चढ

व्हॅनच्या काचा खाली करून दोघं निघाली. वरून आवाज येत होता, भरलेला, गोल. नवरा म्हणाला, ऐक, मस्त चाललीय. ती म्हणाली, चढावर मस्तच चालणार. पूर्ण मूठ पिळलेली असते, एवढा मोठा जेट भसाभसा पेट्रोल ओततो, चीर झाकली जाते. मी ती बुजवली नाही रे. वर पेट्रोल ओतत बसले.

मग धोका कुठे, त्याने विचारलं.

उतार

उतारावर. मूठ सोडली की

मोठ्या जेटचं काम संपतं, आणि

मूठ सोडली की इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त, गळा तापून मऊ झालेला, चीर उघडी, पेट्रोल नाही, ऑइल नाही, नुसती

आवाज माथ्यावर थांबला, वळला. दिराने मूठ सोडली. आवाज खाली यायला हवा होता. तो वरच राहिला, बारीक, सुक्या घशाने ओरडल्यासारखा. नवऱ्याने हॉर्नवर हात दाबून धरला, जणू तिथवर ऐकू जाणार होतं.

"क्लच दाबा, भावजी," ती समोरच्या काचेला म्हणाली.

मग आवाज बंद झाला.

कमी नाही झाला. बंद.

पाचव्या वळणावर टायरची काळी रेघ होती. रस्ता डावीकडे गेला होता. रेघ सरळ.

नवरा दार उघडून नुसता उभा राहिला. ती झुडपं धरत खाली उतरू लागली. गाडी एका दगडाला टेकून पडली होती, तापलेल्या धातूची टकटक ऐकू येत होती. माणूस कुठे दिसेना.

"वहिनी," डावीकडून तो म्हणाला, शांतपणे, "पाय जागेवर आहे का, सांगा ना. मला कळतच नाहीये."