चौथा पुकारा

लोटूने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली, कोर्टाच्या पायरीवर येऊन चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि कचेरीच्या उर्दूत दुसऱ्यांदा पुकारलं.

"मुसम्मात धुरपदाबाई, हाजिर है?"

चिंचेखाली दहाबारा माणसं बसली होती. कुणी हललं नाही. डोईफोडिया गावच्या कडूची ती बायको नेहमीच्या जागी बसून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. लोटूने तिच्या डोक्यावरून पार फाटकापर्यंत नजर टाकली, मनात दहापर्यंत आकडे म्हटले आणि तिसरा पुकारा केला. तिसऱ्यानंतर पुकारा नसतो. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने चौथा कधी केला नव्हता.

आत जाऊन त्याने गैरहाजर म्हणून सांगितलं. साहेबांनी टाक शाईत बुडवला. प्रतिवादी चुडामण आपल्या वकिलाशेजारी उभा होता. त्याने पागोट्याचं सुटलेलं टोक खोचलं आणि फरशीकडे बघत राहिला. वादी गैरहाजर, दावा खारीज. साहेबांनी लगेच पुढचं दप्तर ओढलं.

बुऱ्हाणपूरच्या दिवाणी कोर्टात दाव्यांचे गठ्ठे छताला टेकले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि एक जादा मुन्सफ आला. निम्म्या गठ्ठ्यांसोबत लोटूलाही त्याच्या हवाली केलं गेलं. खोली जुनीच मिळाली. नव्या बादशहाची तसबीर अजून भिंतीला टेकूनच उभी होती. मुन्सफ एकाचे दोन झाले, वकील मात्र होते तेवढेच राहिले. आताही धुरपदाबाईचे वकील पलीकडच्या कोर्टात भलत्याच माणसाची उलटतपासणी घेत होते. पण काम झपाट्याने उरकत होतं, वरचे लोक खूश होते म्हणे. लोटूला त्याचं सुख नव्हतं की दुःख नव्हतं. नावं त्याच्या तोंडातून जायची, आत काही राहायचं नाही. सुरुवातीला रडणारी माणसं बघून त्याला जेवण जात नसे. आता रडणं ऐकत तो सुपारी कातरत असे.

उन्हं उतरली. चिंचेखालची माणसं एकेक करून नदीवरच्या राजघाटाच्या वाटेला लागली. कडूची बायको तेवढी उरली. तिने गाठोडं उचललं आणि पायरीशी आली.

"भाऊ, आज यांचं नाव नाही पुकारलं?"

लोटू कुलूप हातात घेऊन उभा राहिला. कडू मरून चार वर्षं झाली होती, हे सगळ्या कोर्टाला ठाऊक होतं. चुडामण कडूचा भाऊबंदच, पण विहिरीवर कडूचा निम्मा हक्क असताना त्याने याची मोट बंद पाडली होती. त्याचा दावा कडूने लावला आणि तारखांच्या येरझाऱ्यांतच कडू वारला. जुन्या साहेबांपुढे वारस लावायचा कागद चढायला वर्षं लागत, म्हणून दर तारखेला लोटू मेलेल्या माणसालाच पुकारी, आणि ही पदर सावरून उठे. मोट बंद पडल्यापासून तिच्या शेतात मिरचीचं रोप लागलं नव्हतं.

आणि मागच्याच आठवड्यात जादा साहेबांनी पडून असलेला अर्ज काढून एका ओळीत हुकूम केला होता: वादी मयत, जागी त्याच्या बायकोचं नाव लावावं. तो हुकूम तिला सांगायची सवड कुणालाच झाली नव्हती.

"तुझं नाव काय, माय?" लोटूने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने ते विचारलं नव्हतं.

तिला नवल वाटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"धुरपदा."

"ते मी पुकारलं ना सकाळी. तीन बार."

"आयकलं म्या," ती म्हणाली. "म्हटलं, असंल कोनी बाई त्या नावाची. मला कोन पुकारनार? यांचं नाव मला घेता येत नाही, भाऊ. तारखेला तुमच्या तोंडून आयकते, तेवढंच."

लोटूने खाली पाहिलं. दावा गेला, पाणी गेलं, हे तिला सांगायला हवं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि इतक्या वर्षांनी आपल्याला काही वाटलं याचंच त्याला जास्त नवल वाटलं. ती सकाळी दहा पावलांवर बसली होती, आणि त्याने फाटकाकडे बघून पुकारलं होतं.

खोलीचं दार अजून उघडं होतं. आत साहेब दिवसभराच्या हुकमांवर सह्या करत होते; सकाळचा खारीजचा हुकूमही त्या गठ्ठ्यातच होता. टाकाची कुरकुर बाहेर ऐकू येत होती.

लोटूने कुलूप खिशात टाकलं. लवंग थुंकून टाकली.

"आता मी पुकारतो," तो हळूच म्हणाला. "तू हाजिर म्हन. जोरानं म्हन."

मग तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि अंगण रिकामं असताना सकाळच्याच पट्टीत त्याने चौथा पुकारा केला.

"मुसम्मात धुरपदाबाई, हाजिर है?"

तिने एकदा मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"हाजिर," ती म्हणाली.

आतली टाकाची कुरकुर थांबली.