टेम्पोतला कंदील

सोमेशच्या हातून ज्योत पडली ती तुळजापूरचा घाट उतरून खाली आल्यावर, तामलवाडीच्या अलीकडे.

नवरात्र बसताना तुळजापूरला देवीच्या दारात मशाल पेटवायची आणि पळत पळत सोलापूरला आपल्या गल्लीच्या मंडपात आणायची, हे त्यांच्या मंडळाचं कितीतरी वर्षांचं काम. एकाच्या हातात मशाल, बाकीचे त्याच्या मागेपुढे, आणि सगळ्यांच्या मागून हणमंतमामाचा टेम्पो. पळणारा दमला की दुसरा शेजारी येतो, पावलाला पाऊल जुळवून थोडं पळतो आणि न थांबता मशाल स्वतःच्या हातात घेतो. ज्योत थांबत नाही, आणि ज्योत घेऊन कुणी एकटं पळत नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कुणी कधी मोडलंही नव्हतं.

सोमेशला तेव्हा इन्सुलिन सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. रोज सुई टोचून घेणारा पोरगाही घाट उतरू शकतो हे त्याला दाखवायचं होतं, म्हणून वाट्यापेक्षा जास्त पळाला. हात थरथरायला लागले, घाम गार पडला, मंडळातला शिवराज शेजारी येऊन ‘दे’ म्हणाला, तरी त्यानं मशाल सोडली नाही. मग गुडघे वाकले आणि मशाल रस्त्याकडेच्या पाण्यात गेली. चुर्र झालं, तेवढंच.

टेम्पोत त्याच ज्योतीवर लावलेला एक कंदील कायम असतो. वारा सुटतो, पाऊस येतो, कुणाला ठेच लागते. शिवराजनं त्या कंदिलावर दुसरी मशाल पेटवली. सोमेश साखर खाऊन उठून बसला तोवर ज्योत पुढच्या वळणावर पोचलीसुद्धा होती. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त उरलेली वाट तो टेम्पोत बसून आला, आणि पुढच्या नवरात्रात तर सगळीच वाट. सोलापूरच्या वेशीवर शिवराजनं मशाल जरा वेळ त्याच्या हातात दिली, फोटोपुरती. फोटोत सगळे हसतायत. सोमेशसुद्धा हसतोय.

त्यानंतरच्या थंडीत अक्षतानं वैराग ते सोलापूर रिले शर्यतीची बातमी आणली. अक्षता त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण, मंडळाच्या ज्योतीबरोबर पळणारी. बायोकेमिस्ट्री शिकलेली, आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. चौघांची टीम, चार टप्पे, आणि मशालीऐवजी मनगटाला गुंडाळायचा नारंगी पट्टा. ती, सोमेश, शिवराज, आणि चौथा गडी म्हणून तिनं दिपकला धरलं. तो पोलीस भरतीची तयारी करायचा आणि दर चौदा एप्रिलला आपल्या वस्तीची भीमज्योत घेऊन पळायचा. म्हणजे चौघंही ज्योतवालेच.

“सोमेश पळणार?” शिवराजनं विचारलं. मंडळात कुणी कुठं पळायचं ते तोच ठरवायचा.

“मीच पळणार बे. शेजारी उभा आहे, मला विचार की.”

शिवराजनं खाली बघत चप्पल घासली. “हे बघ, राग धरू नको. त्या दिवशी तू पडलास तवा माझं काळीज तोंडात आलं हुतं. ज्योत ऱ्हाऊ दे, तुझ्या आईला मी काय सांगणार हुतो?”

“मग काय आता जन्मभर टेम्पोत बसवतोस?”

“न्हाय. एक टप्पा काढ. आख्खा, एकट्यानं, शेजारी कुणी नसताना. पट्टा दिपकच्या हातात दे. मग येत्या नवरात्रात मशाल तुझी. मंडळात कोण बोललं तर मी हाय.”

आईला पटवणं त्याहून अवघड होतं. सावित्रम्मा चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून आयुष्य काढलेली बाई. घरात बोलताना अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. “बिड्डा, पळून काय मिळतं रे पोरा?” तिनं एकदाच विचारलं. सोमेशनं दंडावर चिकटवलेलं रुपयाएवढं सेन्सर तिला दाखवलं, मोबाइलवर रक्तातली साखर कशी दिसते ते दाखवलं. तिनं आकडा पाहिला, साखर चढतेय की उतरतेय ते सांगणारा बाण पाहिला. “हे यंत्र तुला धरतं का, पडताना?” असं म्हणाली आणि भाकरी थापायला वळली. पण जाऊ नको असंही म्हणाली नाही.

दोन महिने तो आणि अक्षता पहाटे पार्क मैदानाभोवती पळाले. डॉक्टरांना विचारून कुठल्या दिवशी इन्सुलिन किती कमी घ्यायचं, पळण्याआधी काय खायचं, हे ठरवलं. अक्षता धावतानासुद्धा वर्गात शिकवल्यासारखी बोलायची.

“हे सेन्सर रक्तात नाही बसलेलं. कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतं ते. रक्तातला बदल तिथं उशिरा पोचतो. म्हणजे बाण खाली असला की खरा आकडा?”

“दिसतोय त्याच्याही खाली.”

“आणि आपण काय करायचं?”

“थांबायचं, खायचं, वर येईपर्यंत बसायचं,” सोमेश पाठ केल्यासारखं म्हणायचा. थांबायचं हा शब्द मात्र तो दर वेळी भराभर उरकायचा. ज्योत थांबत नाही.

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उतरल्यावरच्या रविवारी, दिवस उजाडता उजाडता, वैरागच्या बाजारपेठेतून शर्यत सुटली. पहिला टप्पा अक्षताचा. बाकीचे तिघं हणमंतमामाच्या टेम्पोतून पुढे निघाले. तोच टेम्पो, फक्त भोंगे उतरवलेले. मामांनी सवयीनं कंदील मात्र आणला होता. न पेटवलेला, आपल्या जागी टांगलेला.

“आज कशाला ओ मामा?” दिपकनं विचारलं.

“ऱ्हाऊ दे की. त्यो नसला की गाडी कशी वंगाळ दिसती.”

राळेरासच्या फाट्यावर रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघांच्या आतच पट्टा द्यायचा-घ्यायचा. शिवराज आत उभा राहिला. दंड झटकले, मान फिरवली. लांबून अक्षता दिसली. तिचं तोंड लाल झालं होतं, पाय जड पडत होते. आणि शिवराज सुटला. रेघ ओलांडून उलटा तिच्याकडे धावत गेला, गर्रकन वळून तिच्या शेजारी आला, पावलाला पाऊल जुळवलं आणि जोरात म्हणाला, “दे.”

“रेघ! अरे रेघेत जा,” अक्षता धापा टाकत ओरडत होती. पण तिच्या हातानं सवयीचं ते केलंच. पट्टा सुटून शिवराजच्या मुठीत गेला. इतकी सुंदर बदली त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीच झाली नसेल. फक्त ती रेघेच्या बाहेर झाली होती.

पंचांनी शिट्टी वाजवली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शांत गृहस्थ होते. त्यांनी शिवराजला परत आणून रेघेत उभं केलं, पट्टा पुन्हा द्यायला लावला. “पळणाऱ्याच्या शेजारी टीममधलं कुणी पळायचं नाही,” ते म्हणाले. “ही ताकीद. आता पुन्हा कुणी शेजारी पळालं, तर तुमची टीम बाद.”

शिवराज खाली मान घालून पळत गेला. टेम्पोत दिपक पोट धरून हसत होता. “आम्हाला शिस्त शिकवतो आणि पहिली रेघ ह्यानंच पुसली.”

सोमेश हसला नाही. आता चूक करायला जागा उरली नव्हती, आणि पुढचा टप्पा त्याचा होता.

वडाळ्याला शिवराज पोचला तेव्हा सोमेश रेघेत खांबासारखा उभा होता. पट्टा मनगटाला बसला. दिपक आधीच एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवरून शेवटच्या बदलीच्या जागी गेला होता. सोमेश एकटा निघाला.

एकटं पळणं म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा कळलं. मागे पावलांचा आवाज नाही, भोंगा नाही, घोषणा नाहीत. दोन्हीकडे हुरड्यात आलेली ज्वारी, मधेच द्राक्षाच्या बागा, आणि मग नान्नजचा माळ लागला. पिवळं गवत, वर मोकळं आभाळ. उन्हाला अजून धार नव्हती. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतोय याची त्याला गंमत वाटली. पुढे एक निळ्या बनियनचा पोरगा दिसत होता. सोमेशनं त्याला गाठलं, मागे टाकलं. मग आणखी एकाला. मैदानावर ठरवलेला वेग केव्हाच मागे पडला होता, आणि ते त्याला माहीत होतं.

दंडावर बांधलेला मोबाइल वाजला. आकडा वाईट नव्हता. बाण मात्र खाली होता, सरळ खाली.

मैदानावर हे सोपं होतं. इथं मागून निळा बनियन येत होता आणि पुढच्या चढापलीकडे कुठेतरी दिपक उभा होता. अजून हात थरथरत नव्हते. एवढ्यात पोचेन, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याबरोबर तो दचकला. तामलवाडीच्या अलीकडे हेच शब्द त्याच्या मनात आले होते. अगदी हेच.

ज्योत थांबत नाही. मग टेम्पोत कंदील कशाला? इतकी वर्षं तो कंदील त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेला होता. ज्यांनी ज्योत थांबत नाही म्हणून सांगितलं, त्यांनीच तो तिथं ठेवला होता. ती विझते हे त्यांना माहीत होतं. विझली म्हणून कुणी तुळजापूरहून ज्योत आणायचं सोडत नव्हतं.

रस्त्यात ओढ्यावरची एक छोटी मोरी होती. सोमेश थांबला, तिच्या कठड्यावर बसला, खिशातली ग्लुकोजची पुडी फोडून तोंडात रिकामी केली आणि वरून पाणी प्यायला.

निळा बनियन पुढे गेला. जाताना त्यानं वळून पाहिलं. आणखी एक गेला.

थोडं पुढे लिंबाखाली शिवराज आणि अक्षताला घेऊन टेम्पो उभा होता. माळावर मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून एरवी अक्षताच्या फोनवरही दिसणारा त्याचा आकडा तिथं पोचत नव्हता. त्यांना फक्त एवढंच दिसलं की सोमेश बसला. शिवराजनं उडी टाकली आणि धावत सुटला.

“शिवराज, थांब,” सोमेशनं हात आडवा केला. “शेजारी येऊ नको.”

“खड्ड्यात गेली शर्यत. चल, टेम्पोत बस.”

“तिथंच थांब म्हणतो ना. मी पडलो नाही. मी बसलोय.”

शिवराज रस्त्याच्या मधोमध थबकला. मागून अक्षता आली, तिनं त्याची बाही धरून त्याला पलीकडच्या कडेला नेलं. “शेजारी पळायला बंदी आहे,” ती म्हणाली. “समोर उभं राहायला नाही. इथून बघ.” मग तिनं ओरडून विचारलं, “बाण?”

“खाली होता. अजून खालीच आहे.”

“खाल्लंस?”

“आख्खी पुडी.”

“मग बस.”

रस्ता मधे ठेवून तिघं बसले. उसाचा एक ट्रॅक्टर मधून गेला, गाणी वाजवत. तो गेल्यावर शिवराज तसाच होता, गुडघ्यावर हात, डोळे सोमेशवर.

“हात थरथरत्यात का रं?”

“नाही.”

“खोटं बोलू नको. लांब दाखव.”

सोमेशनं दोन्ही हात पुढे धरले. आधी त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. हात स्थिर होते.

“नखं काप की जरा,” शिवराज म्हणाला. अक्षताला हसू आवरेना.

आणखी दोघं पळत पुढे गेले. प्रत्येक जण गेला की सोमेश कठड्यावर पुढे सरकायचा. पण तो उठला नाही. मोबाइल पुन्हा वाजला तेव्हा आकडा चढला होता आणि बाण वर वळला होता. त्यानं खिशातली चिक्की खाल्ली, आणखी जरा वेळ बसला, मग उठून चालायला लागला. आधी चालला, नंतर पळाला, मैदानावर ठरवलेल्या वेगानं. रस्त्याच्या पलीकडून शिवराजही नकळत निघाला होता. अक्षतानं बाही ओढून त्याला जागेवर थांबवलं.

चढ संपला आणि चुन्याच्या रेघा दिसल्या. दिपक आत उभा होता. पाय रोवलेले, दोन्ही हात पुढे, कुणीतरी खाली बांधून ठेवल्यासारखा. अंग पुढे झेपावत होतं, पण टाचा जागच्या हलत नव्हत्या. “ये, ये, ये बे, मी न्हाय येत, तूच ये,” तो म्हणत होता. सोमेश रेघेच्या आत शिरला आणि पट्टा सोडवून त्याच्या हातात ठेवला. इतका वेळ अडवून धरलेलं पाणी सुटावं तसा दिपक सोलापूरकडे सुटला.

पंच तिथंही टॉवेल गुंडाळून हजर होते. “मोरीवर बसला होतात?”

“हो.”

“बरं केलंत,” ते म्हणाले आणि पुढच्या टीमकडे वळले.

दिपकनं शहरात शिरेपर्यंत पाच-सहा जणांना मागे टाकलं, तरी त्यांचा नंबर यादीच्या खालच्या अर्ध्यातच आला. शेवटच्या कमानीपाशी सावित्रम्मा डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. टेम्पोतून मुलगा उतरलेला पाहून तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं त्याच्या दंडावरचं सेन्सर पाहिलं, त्याचे हात हातात घेऊन पाहिले. ते गरम होते.

“टेम्पोत बसून आलास?”

“माझा टप्पा झाल्यावर बसलो, अम्मा.”

“पडला नाहीस?”

“नाही. बसलो होतो मधे.”

पिशवीतून डबा काढून तिनं आधी शिवराजपुढे धरला. त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती.

शिवराजनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत घोळला, आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, “नवरात्रात घाटाखालचा टप्पा घेतोस का तामलवाडीचा?”

सोमेशनं टेम्पोकडे पाहिलं. मामा कंदिलाची काच फडक्यानं पुसत होते, उगाचच.

“तामलवाडीचा,” तो म्हणाला. “आणि मधे थांबेन मी, लागलं तर. तेव्हा मशाल शेजारच्यानं घ्यायची.”

“शेजारी कोण असणार मग?”

“तूच की. तुला लांब उभं राहायला कुठं जमतंय बे.”

शिवराजनं चटणीचा डबा सोमेशकडे सरकवला.