आपोआप गोल होणारं डोकं

माझ्या हाताखालून गेलेलं डोकं साऱ्या मारुंजीत ओळखू येतं. गोल, मागून भरलेलं. तान्हं मूल पायावर घ्यायचं, टाळू तेलानं भरायची, तळव्यानं डोकं वळवायचं आणि राळ्याचे दाणे भरलेल्या उशीवर निजवायचं. कुंभार तरी आणखी काय करतो? पण माझ्याच घरात नात आरोही जन्मली आणि धाकटी सून जुईली म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, डोकं दाबायचं नाही. ते आपोआप गोल होतं."

"आपोआप भाकरी गोल हुईत न्हाई, डोकं हुतंय व्हय?"

ती हिंजवडीत कंपनीत कामाला. तशीच आरोहीला उचलून आत गेली.

मागच्या खोलीत आमचा भाडेकरू कौस्तुभ राहतो, अकोल्याचा. पुण्याच्या कॉलेजात माणसाची हाडं शिकतो. सांडशीसारख्या हत्यारानं कवट्या मोजून माणूस कुठून आला ते ठरवतात म्हणे. साक्षीला म्हणून त्याला ओट्यावर बोलावलं, तर त्यानं भलतंच काढलं. माणूस चार पायांवरून दोन पायांवर उभा राहिला, बाळाची बाहेर यायची वाट अरुंद झाली, डोकं मात्र वाढत गेलं. म्हणून मूल कच्च्या टाळूचं जन्मतं.

"म्हंजी उभं ऱ्हायची हौस पुरुषांची, आन् कळा आमाला."

"सगळेच उभे राहिले, आजी. तिकडं आफ्रिकेत. आपण सगळे तिथूनच आलो."

"तुमी आला असाल. आमी हितलेच."

तो हसला. मला हसलेलं चालत नाही. म्हटलं, "आण तुझी ती सांडशी. माझ्या पोरांची डोकी मोज. माझ्या हाताचा गुण दिसला तर आरोही उद्यापासनं माझ्या पायावर. न्हाई दिसला तर तिच्या डोक्याला बोट लावणार न्हाई."

जुईली दारातूनच म्हणाली, "चालेल."

कौस्तुभनं लोखंडी हत्यार लावून धाकट्या शैलेशचं डोकं मोजलं, मग थोरल्या कैलासचं. माप जुळलं. मी सुनेकडं बघितलं.

तेवढ्यात कैलास म्हणाला, "आये, मला कुटं चोळलंस तू? तू मुदतीच्या तापानं पडलेली. मी पौडला मामाकडं. मामीच सांगती, परातीत निजवायची आन् वरनं पाणी वतायची."

खरं होतं. कार्ट्याला ते आत्ताच आठवायचं होतं.

आमचे मालक बाजेवर तंबाखू मळत बसले होते. कौस्तुभनं त्यांची टोपी काढून त्यांचंही डोकं मोजलं. तेच माप.

"घराण्याचं डोकं आहे, आजी. रक्तातून आलेलं."

मालकांनी टोपी नीट बसवली. "मला आदी इचारायचं," म्हणाले.

या माणसानं जन्मात एक दुपटं बदललं नाही. पहाटे उठून पाणी मी तापवलं, नडग्या माझ्या पोळल्या, आणि डोकं निघालं ह्यांचं. देवानं माणूस उभा केला तो बहुतेक आयतं मिरवायला.

सकाळी मी न्हाणीकडं फिरकलेच नाही. जुईलीच आरोहीला घेऊन आली. "डोकं सोडून बाकी सगळं तुमचं, आई."

मी पाय पसरले. हात चोळले, पाय चोळले, पाठ चोळली. तळवा सवयीनं डोक्याकडं गेला, तसा मागं घेतला. शब्द म्हणजे शब्द. सून उभी राहून बघत होती. मग टॉवेल आणायला आत वळली.

मी बोटाला तेल लावलं आणि पोरीचं नाक धरलं. नाकाचं काही ठरलं नव्हतं.