ओ न देणारे बाबा

बाबा हल्ली हाकेला ओ देत नाहीत, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. या घरात मात्र तिचं निदान चुटकीसरशी झालं होतं, कारण घरातली लेक कान तपासण्याचंच काम करत होती.

"बाबा, गोळी घेतली?" ती चपला घालता घालता विचारायची. उत्तर नाही. "बाबा, दार लावून घ्या!" बाबा आपले खिडकीबाहेर बघत बसलेले. सकाळी एक दवाखाना, संध्याकाळी दुसरा, रविवारी तपासणी शिबिरं. तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बाबांसाठी कानाचं यंत्रसुद्धा तिने मनोमन निवडून ठेवलं आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना दवाखान्यात बोलावलं.

आवाजबंद खोलीत बाबा हेडफोन चढवून बसले. काचेपलीकडे ती. "आवाज आला की बटण दाबायचं. अंदाजपंचे नाही हं!"

"बरं, डॉक्टरीणबाई."

बटण दाबलं की तिच्यासमोर दिवा लागे. तिने आवाज उतरवला. दिवा लागला. आणखी उतरवला. पुन्हा लागला! तिने वायर चाचपली, हेडफोन बदलले, पहिल्यापासून सुरुवात केली. वयापरत्वे येणारी थोडी घट सोडली, तर कान ठणठणीत होते.

ती जाड दार ढकलून आत गेली. "बाबा, तुम्हाला सगळं ऐकू येतं?"

"वरच्या मजल्यावरचं भांडणसुद्धा."

"मग मला ओ का देत नाही?"

"द्यायचो की. पण माझं 'हो' होईस्तोवर तू जिना उतरलेली असायचीस. म्हटलं, जिन्याशी काय बोलायचं?"

तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. "लोकांना ऐकू यावं म्हणूनच धावते ना, बाबा."

"ठाऊक आहे. कौतुकही आहे. पण गोळी, दार आणि गॅस सोडून तू मला शेवटचं काय विचारलंस, सांग बरं?"

तिला आठवेना.

बाबांनी हेडफोन काढून मांडीवर घेतले. "मलाच एक विचारायचं होतं. कितीदा सुरुवात केली. तुझी आई स्वयंपाकघरातून मला हाक मारायची ना, ती आठवेनाशी झालीय. शब्द आठवतात, आवाज येत नाही. म्हटलं, आवाजातलं तुला कळतं."

अरे देवा! या प्रश्नावर ती यंत्र बसवायला निघाली होती!

काचेपलीकडच्या टेबलावर सकाळचे रिपोर्ट पडले होते. ते तसेच टाकून तिने दार लोटलं आणि ती बाबांसमोर स्टुलावर बसली. बाहेरची गडबड विझली. घसा खाकरून तिने हाक दिली, "अहोऽऽ, ऐकलंत का?"

"छे! इतकी गोड कुठली? जरा वैतागून."

तिने पुन्हा हाक मारली. बाबांचे डोळे आपोआप मिटले.

"ओ," ते म्हणाले. "आलो."

संध्याकाळचा दवाखाना तिने त्याच आठवड्यात सोडला.

मंडळी, घरातलं माणूस गप्प झालं, तर त्याचे कान तपासण्याआधी आपण आपलं बोलणं तपासून पाहावं. त्यासाठी मात्र आधी चपला काढून त्याच्यासमोर बसावं लागतं.