झाडाच्या शेंड्यावर कोण

सर्वांत वरची चौकट: बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचावी.

ही चौकट प्रतिभाची. शहाद्याहून जीपनं, मग बोटीनं ती चार वेळा नर्मदाकाठच्या या पाड्यावर आली होती आणि दर वेळी 'का?' विचारून दाई भुरीबाईला तिनं भंडावून सोडलं होतं. कंपनीत तिचं कामच ते. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी लोकांना नेमकं काय हवंय ते खणून काढायचं आणि त्याचं झाड मांडायचं. 'का' विचारलं की वर चढायचं, 'कसं' विचारलं की खाली उतरायचं.

"टेकडीवर का चढता?"

"हाक मारायला."

"हाक का?"

"बाज्या बोट आणतो म्हणून."

"बोट का?"

भुरीबाई पोट धरून हसली होती. "पोरी, तुला आईनं जन्म दिला का बाजारातून आणलं?"

खालची चौकट: हाक आली की बोट निघावी.

अडथळा: काठावर नेटवर्क नाही. ही चौकट प्रतिभानं लाल रंगवली होती.

आज बोट बोलावायच्या ॲपची चाचणी. प्रकल्पप्रमुख धीरज सर टॅबलेट घेऊन आले होते. रुग्ण म्हणून भुरीबाईच्या सुनेला, सातव्या महिन्यातल्या ममताला, झाडाखाली बसवलं होतं. प्रतिभाची सही झाली की सोमवारपासून हाकेवर बोट बंद. फक्त ॲपवर.

तिनं टॅबलेटवरचं झाड उघडलं.

सर्वांत वरची चौकट: बोटीच्या अनावश्यक फेऱ्या थांबाव्यात.

बाळंतीण तीन फांद्या खाली. लाल चौकट उडवलेली. तिच्या जागी: ॲपवर आलेल्या ओटीपीशिवाय फेरी म्हणजे गैरवापर, चालकाचं काम बंद.

"सर, हे उलटं कोणी केलं?"

"वरून आलंय. गैरवापर थांबवणं हेही उद्दिष्टच की."

भुरीबाईनं बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. दहा मिनिटं. वीस. सरांनी टॅबलेट डोक्यावर धरला, दगडावर चढून धरला. ममतानं सावली सरकली तशी बैठक सरकवली. शेवटी भुरीबाई थुंकली, टेकडी चढली आणि तोंडाभोवती हात धरून तिनं हाक दिली.

पलीकडे बाज्याच्या बोटीचं मशीन धडधडलं.

बोट काठाला लागली तसं सरांनी टिपलं: बोट आली, चाचणी यशस्वी. खालच्या रकान्यात: चालक बाज्या, ओटीपीशिवाय फेरी, गैरवापर.

फेरी तीच. प्रतिभानं दोन्ही ओळी दोनदा वाचल्या आणि तिची ऑफिसातली मराठी गळून पडली, घरची बोली बाहेर आली.

"हाऊ काय तमाशा लायेल शे? ह्या झाडमा ती बाळंतीण कोठे शे? दखाडा माले!"

"प्रतिभा, आवाज खाली. सही कर आणि बस बोटीत. संध्याकाळी मीटिंग आहे."

सर बोटीत बसले. बाज्या मांडीवर हात ठेवून बसला होता.

"मशीन लाव की रे."

"ओटीपी, साहेब?"

"अरे, मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय. तुमच्या पाटीवर माझं काम बंद लिहिलंय."

"हाक मारा साहेब," भुरीबाई काठावरून म्हणाली. "बाज्याचे कान चांगले आहेत."

ममता पदर तोंडाला लावून हसली. सरांना घाम फुटला. पडद्यावर गोल फिरतच होतं.

"मला पलीकडे पोचलंच पाहिजे!"

"का?" प्रतिभानं विचारलं.

"का म्हणजे? उशीर झाला तर..."

"तर काय? मीटिंग मरेल?"

प्रतिभानं पिशवीतून आपलं जुनं झाड काढलं, घड्या पडलेला मोठा कागद. तो बोटीच्या फळीवर आपटून पसरला. लाल चौकट पेनानं इतकी गिरवली की कागद फाटला. खाली लिहिलं: चाचणी नापास, ओटीपी आला नाही, हाकेवर बोट चालू राहील, बाज्याचा दोष नाही. तिनं सही केली.

"आता तुमची."

"ही पद्धत नाही."

"मग बसा. आम्हाला घाई नाही."

उन्हानं फळी तापली होती. बाज्यानं बिडी काढली, पेटवली, अर्धी ओढली. मग सरांनी पेन घेतलं आणि सही केली.

भुरीबाईनं सुनेला हाताला धरून उठवलं, बोटीत बसवलं आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या बाज्याला टेकडीवरून देते तेवढ्याच जोरात हाक दिली.

मशीन लागलं. पाणी कापत बोट निघाली. सह्यांचा कागद मुठीत घट्ट धरून प्रतिभा सरांकडे पाठ करून बसली. पलीकडचा काठ येईपर्यंत ती वळली नाही.