माझ्या पाकळ्यांतला चुना

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. पंपाची नव्हे, माणसाच्या हृदयातली. सध्या माझा मुक्काम औषधी पाण्याच्या बरणीत आहे. त्याआधी अठ्ठावन्न वर्षे मी पुसेगावजवळच्या तांड्यावरील रुख्मिणीबाईंच्या छातीत नोकरी केली. रक्त निघाले की उघडायचे, पुढे गेले की मिटायचे. दिवसाला लाखभर वेळा, एकही रजा न घेता. त्याबद्दल कोणी कधी शाबासकी दिली नाही, हे जाता जाता सांगते.

माझ्या तीन पातळ पाकळ्यांच्या आत पेशी राहत. झिजलेले, उसवलेले दुरुस्त करणे हे त्यांचे काम. पण वर्षानुवर्षे बसणारे रक्ताचे धक्के आणि आत मुरलेली चरबी यांनी त्या बिथरल्या. १९९५च्या सुमारास त्यांनी भलताच उद्योग आरंभला. त्या हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागल्या आणि रक्तातले कॅल्शियम धरून माझ्यात खडे रचू लागल्या. मी ताठ झाले. मला नीट उघडता येईना आणि रुख्मिणीबाईंना धाप लागू लागली.

२००२ साली हिंगोलीच्या डॉक्टर करुणा यांनी त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितले, "झडपेत चुना साचलाय. ऑपरेशन लवकर करावं लागेल."

चुना म्हटल्यावर नवरा नेमसिंग यांचा चेहराच उतरला. रोज जेवणानंतर तंबाखूला चुना लावून, मळून तेच बायकोला चिमूट देत. घरी आल्यावर ते म्हणाले, "माझ्याच हातानं झालं हे."

"तुमी काहून रडून राहिले? चुना सोडला की आपोआप उतरंल," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "छाती फाडाय नको."

त्यांनी चुना सोडला. तंबाखू मात्र कोरडीच चालू ठेवली! मला हसावे की रडावे कळेना. अशी दोन वर्षे गेली आणि एक दिवस तूर सोंगताना बाई शेतातच कोसळल्या.

मग औरंगाबादला ऑपरेशन झाले. माझ्या जागी धातूची झडप बसली. रुख्मिणीबाई वाचल्या, पण थकलेले हृदय पुरते सावरले नाही. शेतापर्यंतची वाट त्यांना पुन्हा कधी झेपली नाही. याचे मला फार वाईट वाटते.

तिथल्या डॉक्टरांनी मला नेमसिंग यांना दाखवले. "खाल्लेला चुना इथं येऊन बसत नाही. झडपेतल्या पेशींनीच हे खडे तयार केलेत."

"म्हंजी माझ्या हातानं न्हाई झालं?"

"नाही."

नेमसिंग माझ्याकडे वाकले. मग म्हणाले, "मंग दोन वरसं आमी कशाची वाट पाहून राहिलो?"

डॉक्टरांनी मला बरणीत ठेवून झाकण लावले.

मित्रांनो, घरात कोणाला धाप लागली तर चूक कोणाची ते सावकाश शोधा, आधी दवाखाना गाठा. आतल्या पेशी तुमची समजूत पटेपर्यंत थांबत नाहीत.