धुक्यातल्या तीन शिट्ट्या

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मी वाजले की चारशे मुलं जागच्या जागी थबकायची, म्हणून तुम्हाला वाटेल, हिची छाती केवढी! छे हो. मी जन्माची घाबरट. ऐनवेळी आवाजच फुटला नाही तर? ही माझी कायमची धास्ती.

कारखान्यात पितळेचा पत्रा वाकवून मला घडवलं आणि पोटात बुचाची एक गोळी सोडली. ती गोळी नाचली तरच माझा आवाज लांब जातो. एका शाळेच्या खेळाच्या सरांनी मला विकत घेतलं. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे रांग करा, तीन म्हणजे असाल तिथून माझ्याकडे धावत या. उशिरा येणाऱ्याला सर म्हणायचे, "मैदानाला एक फेरी!" तीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात मिरवले. मग सर निवृत्त झाले आणि मी टेबलाच्या खणात, सेफ्टी पिना आणि बंद घड्याळाच्या संगतीत पडले. नऊ वर्षं कुणी विचारलं नाही.

एक दिवस खण उघडला. सर आणि बाई परदेशी फिरायला निघाले होते. बाई म्हणजे सरांची बायको, त्याच शाळेच्या ग्रंथपाल. वाचनालयात टाचणी पडली तरी त्यांची मान वर व्हायची. सरांनी मला रुमालाने लख्ख पुसलं आणि बाईंच्या गळ्यात अडकवलं.

"परका मुलूख आहे. चुकलीस तर तीनदा वाजव."

"मी काय पहिलीतली पोर आहे? तुम्हीच चुकाल!"

मला पुसलं खरं, पण वाजवून कुणी पाहिलं नाही. आणि माझ्या पोटातली गोळी तर जागची हलत नव्हती.

सहलीच्या शेवटच्या दिवशी आम्ही रोपवेने एका उंच डोंगरावर गेलो. माथ्यावर बुद्धाची भली थोरली मूर्ती बसली होती. नुसता हाताचा अंगठाच सरांएवढा! "किती शांत चेहरा हो," बाई हात जोडून म्हणाल्या. सर म्हणाले, "बघत बस, मी हात-तोंड धुऊन आलोच." मोबाइल बाईंकडे देऊन ते गेले.

आणि धुकं आलं. बघता बघता मूर्ती गेली, माणसं गेली, पायऱ्या गेल्या. मूर्तीभोवती गोल चौथरा होता आणि चारही बाजूंनी अगदी सारख्या पायऱ्या उतरत होत्या. अर्धा तास झाला तरी सर येईनात. रोपवेची शेवटची फेरी पाचची, आणि साडेचार वाजून गेले होते.

"अहो... अहो!" बाईंनी हाक मारली, पण तीही कुजबुजत. कारण समोर एक फलक होता. त्यावर ओठांवर बोट ठेवलेलं चित्र. बाईंचा हात माझ्याकडे यायचा, नजर फलकाकडे जायची आणि हात खाली. अहो बाई, जन्मभर राखलीत की शांतता! आता तरी वाजवा! पण मी आपणहून कशी बोलणार?

डोळे पुसायला बाईंनी पर्समध्ये रुमाल शोधला आणि हाताला सरांचा दम्याचा पंप लागला.

"अगं बाई! पंप तर माझ्याकडेच राहिला!"

एवढ्या गारठ्यात, धुक्यात, पंपाशिवाय सर! बाईंनी मला ओठांना लावलं आणि सगळा जीव एकवटून फुंकर मारली.

फुस्स.

मित्रांनो, त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण बाई डगमगल्या नाहीत. केसातली पिन काढली, माझ्या पोटातला नऊ वर्षांचा मळ उकरला, बाटलीतल्या पाण्याने मला खळखळून धुतलं, झटकलं. गोळी सुटली! आणि मी वाजले, एकदा, दोनदा, तीनदा.

पहारेकरी ओठांवर बोट ठेवून धावत आला. बाईंनी त्याला पंप दाखवला, छातीवर हात ठेवून जोरजोरात श्वास घेऊन दाखवला आणि धुक्याकडे हात केला. त्याने ओठांवरचं बोट काढलं आणि त्याच बोटाने माझ्याकडे खूण केली, वाजवा. मी पुन्हा तीनदा वाजले. पुन्हा. आणखी एकदा.

धुक्यातून पावलं वाजली. धपापत, कठडा धरत सर वर आले. चुकीच्या पायऱ्यांनी ते पार खाली उतरले होते. बाईंनी आधी पंप त्यांच्या तोंडाला लावला. त्यांचा श्वास जाग्यावर आला, तेव्हा कुठे बाईंचे डोळे वाहू लागले.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "मैदानाला एक फेरी!"

"तीन ऐकल्या," सर कसेबसे म्हणाले, "धावत आलो."

मित्रांनो, तुमच्याही खणात माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल. त्याला नुसतं पुसून ठेवू नका. वेळ येण्याआधी वाजवून बघा. आणि आपलं माणूस धुक्यात असेल, तर फलकाकडे बघत बसू नका.

आता माझी जागा स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आहे. रोज सकाळी बाई मला तीनदा वाजवतात आणि मग कान देऊन थांबतात. आतल्या खोलीतून सरांचा आवाज येतो, "हजर!" तेव्हा कुठे त्या चहा ठेवतात.